बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला इस्पितळात दाखल करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. तो आता चाळिशीत आहे आणि आजवर तीन वेळा इस्पितळात राहिला आहे. पहिल्या वेळी आमची कसलीच तयारी नव्हती, तिसऱ्या वेळी बऱ्यापैकी होती, आणि दोन्ही अनुभवांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. पुढील प्रश्न गोव्यातील इतर पालकांनी आणि भावंडांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. येथील उत्तरे तयारीपुरती आहेत. औषधांबाबत आपल्या डॉक्टरांचा शब्दच प्रमाण मानावा.

ही माहिती कोणासाठी आहे? ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे डिस्लेक्सियाच ना?

या शब्दामुळे पुष्कळ घोटाळा होतो. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे आपण ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतो ती, तर आपल्याकडे तोच शब्द डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनाच्या अडचणींसाठी वापरला जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये एकूण 21 प्रकारच्या अक्षमता नमूद आहेत आणि त्यात बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांची एकाच गटात पण वेगवेगळी नोंद आहे. ही प्रश्नोत्तरे मुख्यतः बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहेत. जुन्या कागदांवर ‘मतिमंद’ असा शब्द आढळेल; कागद म्हणून तो जपून ठेवावा, पण माणसासमोर तो शब्द उच्चारू नये. त्याला तो कळतो.

तयारी केव्हा सुरू करावी?

शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असेल तर निदान दोन आठवडे आधी. तारीख आपल्या हातात असेल तर चवथीच्या किंवा गावच्या जत्रेच्या आसपासची घेऊ नये, कारण घरात मखर सजत असताना आपल्यालाच का नेले, हे त्याला समजावणे कठीण जाते आणि थांबायला माणसेही मिळत नाहीत.

त्याला आधी सांगावे का? सांगितले तर घाबरेल, नाही सांगितले तर सोपे जाईल, असे नातेवाईक म्हणतात.

सांगावे. “मामाकडे जाऊया” म्हणून गाडीत बसवून थेट बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात (गोमेकॉत) नेणे त्या एका दिवसापुरते सोपे जाते. पुढच्या खेपेला मात्र तो मामाकडे जाण्यासाठीसुद्धा गाडीत बसत नाही. आमच्याकडे नेमके हेच घडले होते आणि तो विश्वास परत मिळवायला आम्हांला दोन वर्षे लागली.

किती आधी सांगायचे हे माणसावर अवलंबून असते. वाट पाहण्यानेच जो अस्वस्थ होतो त्याला दोन दिवस आधी सांगणे पुरेसे आहे, तर ज्याला हळूहळू सवय लागते त्याच्यासाठी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून रोज एक चौकोन खोडत जावे. ओपीडीच्या भेटीच्या वेळी परवानगी घेऊन वॉर्डाचे दार, खाट, लिफ्ट, स्वच्छतागृह यांचे मोबाईलवर फोटो काढावेत (इतर रुग्ण त्यात येणार नाहीत याची काळजी घ्यावी) आणि ते घरी क्रमाने दाखवावेत. रक्तदाब मोजण्याचा पट्टा आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर यांचा सराव घरीच करता येतो. माझ्या भावाने पट्टा आधी माझ्या हाताला बांधला, मग आईच्या, मग शेजारच्या काकांच्या, आणि शेवटी स्वतःचा हात पुढे केला.

‘दुखणार नाही’ असे सांगू नये, कारण दुखतेच. खालील मजकूर हळू आवाजात, फोटो दाखवत, दोन-तीन वेळा वाचून दाखवता येईल. आपल्या घरी जी बोली चालते तीत तो बदलून घ्यावा.

“तुझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टर ती काढणार आहेत. सोमवारी आपण इस्पितळात जाऊ. तिथे तुला एक खाट मिळेल. सिस्टर तुझ्या हाताला सुई टोचेल. थोडे दुखेल, मग थांबेल. ऑपरेशनच्या वेळी तू झोपलेला असशील. तेव्हा दुखणार नाही. उठल्यावर पोटावर पट्टी असेल. पट्टीला हात लावायचा नाही. रात्री ताई तुझ्याजवळ असेल. बरे वाटले की आपण घरी येऊ.”

घरी येण्याचा वार मात्र सांगू नये. तो हमखास चुकतो.

डॉक्टर-सिस्टरांना त्याच्याविषयी काय आणि कसे सांगावे?

लिहून द्यावे. पाळी बदलली की सिस्टर बदलते, राऊंडला येणारे डॉक्टर बदलतात, आणि सकाळी जीव तोडून सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. ब्रिटनमधील इस्पितळांत यासाठी ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ नावाची छोटी पुस्तिका वापरतात. तिच्यात वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे तीन रंग असतात: तांबड्या भागात जिवाशी संबंधित गोष्टी, पिवळ्या भागात त्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी आणि हिरव्या भागात आवडीनिवडी. आपल्याकडे पुस्तिकेची गरज नाही. कागदाच्या दोन बाजू पुरतात. मात्र तांबडा भाग इंग्रजीतही लिहावा, कारण केस पेपर इंग्रजीत असतो आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला मराठी वाचता येईलच असे नाही.

तांबड्या भागात औषधांची ॲलर्जी, फिट्स, हृदयाचा किंवा थायरॉइडचा आजार, गिळताना ठसका लागतो का, आणि चालू औषधांची नावे मात्रेसह लिहावीत. डाऊन सिंड्रोम असल्यास भूलतज्ज्ञाला ते आवर्जून सांगावे, कारण अशा काही व्यक्तींच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो आणि भूल देताना मान कशी वळवायची याची काळजी घ्यावी लागते. तो झोपेत मोठ्याने घोरत असेल किंवा मध्येच श्वास अडकत असेल तर तेही याच भागात लिहावे.

पिवळा भाग बहुतेक जण दोन ओळींत उरकतात, आणि माझ्या मते खरे काम तिथेच असते. “हट्टी आहे” असे लिहून कोणाला काहीच कळत नाही. आमच्या पानावरील काही ओळी अशा आहेत:

“घरी मला बाबू म्हणतात, त्याच नावाने हाक मारा. कागदावरच्या नावाला मी ओ देत नाही. मला ‘उदक’ कळते, ‘पाणी’ कळते, ‘वॉटर’ कळत नाही. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, मग मी उत्तर देतो. ‘दुखते का?’ असे विचारले तर मी नेहमी ‘हो’ म्हणतो. ‘कुठे, दाखव’ म्हणा. लघवीला जायचे असेल तर मी शर्टाची खालची गुंडी ओढतो. मागून येऊन हात लावू नका. गोळी पाण्याबरोबर उतरत नाही, केळ्याच्या फोडीत घालून द्या.”

गुंडीच्या एका ओळीने दुसऱ्या खेपेला तीन दिवस चादर ओली झाली नाही. पान खाटेच्या डोक्याशी चिकटवावे की फाईलमध्ये लावावे हे सिस्टरला विचारून ठरवावे. आजाराविषयीचा खासगी मजकूर सर्वांना दिसेल असा टांगू नये.

कोणती कागदपत्रे न्यावीत? खर्चाला कोणत्या योजनेचा आधार मिळतो?

आधार कार्ड, दिव्यांगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र), जुने डिस्चार्ज कागद आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या न्याव्यात. कायद्यातील बऱ्याच सवलतींसाठी दाखल्यावर किमान 40 टक्के अक्षमतेची नोंद लागते.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्यात 2016 साली सुरू झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, असे तिचे स्वरूप आहे. कार्डावर त्याचे नाव आहे ना आणि कार्डाची मुदत संपलेली नाही ना, हे आजच पाहावे. लग्न झालेल्या भावंडांची कार्डे वेगळी होतात आणि या गडबडीत त्याचे नाव कोणाच्याच कार्डावर नाही, असे निघालेले मी पाहिले आहे. याशिवाय केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांना तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो आणि नोंदणीसाठी वैद्यकीय तपासणीची अट नाही. पैसे मात्र आधी आपण भरायचे आणि मग बिले पाठवायची, त्यामुळे औषधाच्या दुकानातील प्रत्येक पावती जपून ठेवावी.

संमतीपत्रावर सही कोणी करायची?

अठरा वर्षांखालील मुलासाठी पालक सही करतात, हे सर्वांना माहीत असते. अठरा पूर्ण झाल्यावर काय, येथे मात्र घरचेही गोंधळतात आणि कधीकधी इस्पितळातील माणसेही. वयात आलेल्या व्यक्तीच्या वतीने संमती देण्याचा अधिकार आई-वडिलांना केवळ नात्याने मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये एका प्रौढ स्त्रीच्या प्रकरणात, ती भुलेखाली असताना आईची सही घेऊन केलेली गर्भाशयाची शस्त्रक्रिया वैध संमतीविना झाली, असा निर्णय दिला. ती स्त्री बौद्धिकदृष्ट्या अक्षम नव्हती, तरी आईची सही म्हणजे मुलीची संमती नव्हे, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

म्हणून पहिला प्रयत्न त्यालाच समजावण्याचा असावा. सुटसुटीत शब्दांत, चित्रे दाखवून सांगितल्यावर ‘गाठ काढायची’ एवढे पुष्कळ जणांना समजते, मग त्यांची सही वाकडी असो की अंगठा असो. निर्णय घेणे त्याच्या खरोखर आवाक्याबाहेर असेल तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 अन्वये स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. चौकशी आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाचीही तरतूद आहे. हे काम चार दिवसांत होणारे नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेची वाट न पाहता ते आधीच करून ठेवावे. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र उपचार कागदासाठी अडत नाहीत.

मुलींच्या आई-वडिलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. पाळीचा त्रास नको म्हणून गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला अजूनही कानावर येतो. ज्या शस्त्रक्रियेमुळे वंध्यत्व येते ती दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही, असे 2016 च्या कायद्याचे कलम 10 सांगते.

रात्री सोबत कोण थांबणार? पुरुषांच्या वॉर्डात आईला थांबू देतात का?

हा प्रश्न दाखल होण्याआधी सोडवावा, कारण रात्री दहा वाजता सुरक्षारक्षकाशी वाद घालून तो सुटत नाही. पुरुषांच्या सर्वसाधारण वॉर्डात रात्री स्त्री थांबली तर इतर रुग्णांना संकोच वाटतो, हे समजण्यासारखे आहे. पण ज्याला आईशिवाय कोणाचेच शब्द कळत नाहीत त्याला एकटे ठेवणेही योग्य नाही. ओपीडीतच डॉक्टरांना विनंती करून ‘सोबत ओळखीची व्यक्ती आवश्यक’ अशी नोंद केस पेपरवर घ्यावी, कोपऱ्यातील खाट किंवा पडदा मागावा, आणि शक्य असेल तर काका, चुलतभाऊ यांपैकी कोणाला तरी आधीपासून सवयीचे करून ठेवावे. एकट्याच माणसाने सगळ्या रात्री काढू नयेत. तिसऱ्या रात्री मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते आणि भाऊ वॉर्डाबाहेर जिन्यापर्यंत पोचला होता.

उपाशी ठेवणे, सुई आणि भूल यांचे काय करावे?

भूल देण्यापूर्वी सर्वसाधारणपणे सहा तास अन्न आणि दोन तास पाणीसुद्धा बंद असते. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतात. पेजेवरचे निवळ पाणी हे पाणी नव्हे, अन्न आहे. शेजारच्या खाटेवर चहा-पाव चाललेला असताना त्याला उपाशी ठेवणे अवघड असते, म्हणून यादीत पहिला क्रमांक द्यावा अशी विनंती आधीच करावी. फिट्सच्या गोळ्या ‘उपाशी आहे’ म्हणून परस्पर बंद करू नयेत. त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायच्या का, हे भूलतज्ज्ञालाच विचारावे.

सुईची भीती मोठी असेल तर कातडी बधिर करणारे मलम मिळते, पण ते साधारण तासभर आधी लावावे लागते, त्यामुळे ऐनवेळी मागून उपयोग नाही. कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी) शक्यतो तो वापरत नाही त्या हाताला लावायला सांगावी. भुलेतून जागा होताना समोर ओळखीचा चेहरा असावा, ही विनंतीही आधीच करावी. थिएटरबाहेर थांबलेल्या नातेवाईकाला त्या वेळी आत घेतले तर सिस्टरचेच काम हलके होते.

त्याला दुखते आहे हे कसे ओळखावे? तो सांगत नाही.

याच ठिकाणी सर्वांत मोठी चूक होते, आणि ती आमच्या बाबतीत झाली. भावाने दोन दिवस सकाळचा चहा घेतला नाही. तो सोप्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसे आणि रेडिओ लावत नसे. ज्या इस्पितळात त्याला नेले तेथे “असे लोक अधूनमधून असे वागतात” असे सांगून परत पाठवले. तिसऱ्या दिवशी ताप चढला, दुसरीकडे सोनोग्राफी झाली आणि पित्ताशयात खडे निघाले. शरीराच्या आजाराची लक्षणे बौद्धिक अक्षमतेच्या खात्यावर टाकली जातात, ही जगभर ओळखली गेलेली चूक आहे, आणि ती चांगल्या डॉक्टरांकडूनही होते.

म्हणून ‘तो नेहमी कसा असतो’ याची नोंद निरोगी दिवसांतच करावी: किती खातो, कसा झोपतो, काय गुणगुणतो. नेहमीच्या आनंदी वागण्याचा एखाद्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये असावा. डॉक्टरांना “त्रास देतो आहे” असे न सांगता “परवापर्यंत असा होता, आज असा आहे” असे सांगून तो दाखवावा. नवीन ओरडणे, स्वतःला मारून घेणे, एकाच कुशीवर पडून राहणे यांमागे दातदुखी, कानदुखी, तुंबलेली लघवी किंवा बद्धकोष्ठता असू शकते. बद्धकोष्ठता क्षुल्लक वाटते, पण बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये ती फार आढळते आणि दुर्लक्ष झाल्यास जिवावरही बेतू शकते. शौचाची नोंद रोज ठेवावी.

सलाईनची नळी ओढतो म्हणून हात बांधायचे म्हणतात. चालेल का?

आधी नळी डोळ्यांआड करावी: वरून बँडेज गुंडाळावे, पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट घालावा, मोकळ्या हाताला काम द्यावे. नळीची अजून गरज आहे का, हेही विचारावे; पुष्कळदा ती सवयीने राहिलेली असते. बांधणे हा पहिला उपाय असू नये. तशी वेळ आलीच तर का, किती वेळ आणि कोणाच्या सांगण्यावरून, याची केस पेपरवर नोंद मागावी. नोंद मागितली की दोरी बऱ्याचदा पुन्हा कपाटात जाते.

पिशवीत काय न्यावे?

त्याची स्वतःची उशी किंवा चादर, रोजचा पेला, हेडफोन, गाणी भरलेला मोबाईल, चार्जर, जादा कपडे, आणि मुलगी असेल तर तारीख जवळ नसली तरी पॅड. घरचा डबा द्यायचा तर सिस्टरला विचारूनच. नुस्त्याच्या (माशांच्या) कढीशिवाय ज्याचे जेवण होत नाही त्याला पथ्याचे जेवण गोड लागणार नाही, पण उकड्या तांदळाच्या मऊ पेजेला सहसा कोणी हरकत घेत नाही.

डॉक्टर सगळे आमच्याशीच बोलतात. तो समोर असतो.

“त्यालाच विचारा, मी मदत करते,” असे म्हणून आपण खुर्ची थोडी मागे घ्यावी. हे दोनदा केले की बहुतेक डॉक्टर स्वतःच त्याच्याकडे वळतात. गर्दीच्या ओपीडीत त्यांनाही वेळ नसतो, हे मान्य. मात्र दिव्यांग व्यक्तीला तपासणीत आणि उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद 2016 च्या कायद्याच्या कलम 25 मध्ये आहे, आणि कार्ड दाखवून ते मागण्यात संकोच बाळगू नये. रांगेतील लोक कुरकुरतात. कुरकुरू द्यावे.

त्याला गोमेकॉऐवजी आयपीएचबीमध्ये, म्हणजे बांबोळीच्याच मनोरुग्णांच्या इस्पितळात न्यावे, असे कोणी सुचवले तर?

पोटदुखीसाठी नाही. बौद्धिक अक्षमता हा मनोविकार नव्हे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मधील मनोविकाराच्या व्याख्येतून ती स्पष्टपणे वगळली आहे. त्याला नैराश्य किंवा दुसरा मनोविकार वेगळा जडला असेल तर गोष्ट निराळी, आणि तेव्हा तेथे जाण्यात कमीपणाही नाही.

रात्री अचानक न्यावे लागले तर?

108 ला फोन करताना “बौद्धिक अक्षमता आहे, आवाजाला घाबरतो, सोबत मी येणार” एवढे सांगावे. माहितीचे पान, औषधांच्या चिठ्ठ्या आणि कार्डांच्या प्रती एकाच प्लास्टिकच्या फाईलमध्ये दाराजवळच्या खुंटीला असाव्यात. सत्तरी किंवा काणकोणसारख्या भागातून बांबोळीला पोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात सांगण्याचे शब्द मनात जुळवून ठेवता येतात.

घरी सोडताना काय विचारून घ्यावे?

कोणते जुने औषध बंद, कोणते नवे सुरू, आणि नव्या गोळीने झोप किंवा बद्धकोष्ठता वाढते का, हे विचारावे. टाके कधी काढायचे, आंघोळ कशी घालायची, कशासाठी त्वरित परत यायचे, हे लिहून घ्यावे. रोज विशेष शाळेत किंवा कार्यशाळेत जाणारा असेल तर तेथील शिक्षकांनाही कागद दाखवावा. पहिले काही दिवस तो रात्री उठेल, चिकटून बसेल, येत असलेल्या गोष्टी येईनाशा झाल्यासारखे वाटेल. दोन-तीन आठवड्यांत घडी बसली नाही तर पुन्हा दाखवावे.

आणि आईलाच इस्पितळात दाखल करावे लागले तर?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक माता सत्तरीच्या पुढच्या असतात, आणि त्या तो सर्वांत शेवटी, निघता निघता विचारतात. वर सांगितलेले माहितीचे पान अशा वेळी इस्पितळापेक्षा घरात अधिक लागते: गोळी केळ्यात घालायची, गुंडी ओढली की लघवीला न्यायचे, ‘वॉटर’ म्हणायचे नाही. ज्याच्याकडे त्याला ठेवायचे ते घर आताच ठरवावे, आणि सगळे ठणठणीत असताना वर्षातून दोन-तीन रात्री त्याला तेथे झोपण्याची सवय लावावी. आमचा बाबू मे महिन्यात आठवडाभर मावशीकडे डिचोलीला जातो. जाताना उशी स्वतः बगलेत मारतो.